परतीच्या मालातील जॅकेट आणि आतली पिसे

बालाघाटच्या डोंगररांगांतील भटकंतीला फारसा सरंजाम लागत नाही. कपिलधार, सौताड्याचा धबधबा, धारूरचा किल्ला साध्या बुटांवर पाहून होतो. बीडच्या व्यापारी घरात प्रश्न उभा राहतो तो मुलगी किंवा मुलगा हिमालयातील पदभ्रमणासाठी नाव नोंदवतो तेव्हा. आठ दिवसांसाठी हजारो रुपयांचे जॅकेट, बूट घ्यायचे आणि पुढे ते माळ्यावर टाकायचे, हा हिशेब पटत नाही. मग पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चौकशी होते, डेकॅथलॉनचा ‘सेकंड लाइफ’ विभाग पाहिला जातो.

परतीचा माल हे दुकानदाराचे जुने दुखणे. अमेरिकेत १९३८ साली गिर्यारोहकांनी स्थापिलेली आर. ई. आय. ही सहकारी संस्था विकलेली वस्तू केव्हाही परत घेत असे. वर्षानुवर्षे वापरून झिजलेले बूटही लोक आणून देऊ लागले, तेव्हा २०१३ मध्ये तिला एक वर्षाची मुदत घालावी लागली. हा माल सभासदांना स्वस्तात विकला जाई आणि नगाला परतीचे कारण लिहिलेली चिठ्ठी बांधलेली असे. जुन्या बाजारात अशी चिठ्ठी कोण बांधणार? तेथे अनेकदा मूळ लेबलही कापलेले असते.

जैन कुटुंबासाठी अडचण नेमकी येथेच आहे. हलके, फुगीर, अत्यंत उबदार जॅकेट बहुधा बदकांच्या किंवा हंसांच्या पिसांनी भरलेले असते. व्यापारात त्याला ‘डाउन’ म्हणतात. जॅकेटवर ६००, ७०० किंवा ८०० असा आकडा असेल तर तो बहुधा पिसांच्या फुगीरपणाचा असतो. कृत्रिम तंतूंचे भरण सहसा चौरस मीटरला किती ग्रॅम, असे सांगतात. लेबल नसेल तर शिवण चिमटीत दाबून पाहावी. पिसाचा बारीक देठ बोटाला टोचतो. शंका राहिली तर जॅकेट ठेवून द्यावे, भाव कितीही उतरलेला असो.

युरोपीय बाजारासाठी बनलेल्या बुटांवर चित्रखुणा असतात. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे, विणीची जाळी म्हणजे कापड, नुसती शंकरपाळी म्हणजे इतर पदार्थ. शंकरपाळी कातड्याच्या आकृतीच्या आत असेल तर मात्र ते मुलामा दिलेले चामडेच होय.

कोरा दिसणारा बूटही फसवतो. पॉलियुरेथेनचा मधला थर हवेतील ओलाव्याने आतून कुजतो आणि गोदामात वर्षानुवर्षे पडून राहिलेला जोड चढावर अचानक तळ सोडतो. तळवा वाकवून, नखाने दाबून भेगा पडतात का, ते पाहावे. तंबूच्या कापडाची आतली बाजू चिकट लागली किंवा आंबूस वास आला तर त्याचा लेप गेला असे समजावे. दोर, हार्नेस आणि हेल्मेट जुने घेऊच नयेत. त्यांनी सोसलेले धक्के डोळ्यांना दिसत नाहीत.

अनेक पदभ्रमण आयोजक जॅकेट आणि स्लीपिंग बॅग भाड्यानेही देतात. एका प्रवासापुरते तेच सोयीचे. मात्र आत काय भरले आहे, हे पैसे भरण्यापूर्वी तेथेही विचारावे लागते.