राखवाल्याची लेक

लंडनमध्ये घराघरांत कोळशाच्या शेगड्या पेटत, तेव्हा दारोदारची राख उचलून नेणारा माणूस असे. त्याला 'डस्टमन' म्हणत. आज आपण त्याचं भाषांतर 'कचरेवाला' असं करून मोकळे होतो. पण त्याच्या गाडीतली 'डस्ट' म्हणजे मुख्यतः कोळशाची राख असे, आणि ती पुढे विटा करायच्या कामी येई. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या एलायझा डूलिटल या फुलवालीचा बाप असाच राखवाला आहे. हा तपशील मला फार उशिरा उमगला. उमगला त्या दिवसापासून वाटतंय, की हे नाटक चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या पोरांनी करायला हवं.

घुग्घुसला राख आणि धूळ समजावून सांगावी लागत नाही. सकाळी अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर दुपारपर्यंत काळी पूड बसलेली असते. एका बाजूला वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, दुसऱ्या बाजूला सिमेंट आणि लोखंडाचे कारखाने, मधून कोळशाचे ट्रक आणि थोड्याच अंतरावर वर्धा नदी. तरी इथल्या महाविद्यालयांत इंग्रजी नाटक शिकवलं जातं ते परीक्षेपुरतं. पात्रांची नावं, अंकांचा सारांश आणि 'कॉमेडी ऑफ मॅनर्स म्हणजे काय' यावर पाच गुणांची टीप. ती टीप पाठ करणाऱ्या मुलांना कुणी सांगतच नाही, की ती ज्या गोष्टीबद्दल आहे तिच्यात ती रोज राहतात.

'मॅनर्स' म्हणजे शिष्टाचार असं कोशात दिसतं. नाटकात त्याचा अर्थ त्याहून मोठा होतो. कोण कुणासमोर खुर्चीवर बसतं, चहा कपातून पितात की बशीतून, पाहुण्याला कुठल्या खोलीपर्यंत आत येऊ देतात, हे सगळं त्यात येतं. इंग्लंडमध्ये १६४२ साली नाट्यगृहांना टाळं लागलं. १६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि ती पुन्हा उघडली. त्यानंतरच्या नाटककारांना या रीतभातीत विनोदाची खाण सापडली. विचर्ली आणि कॉन्ग्रीव्ह यांच्यापासून ती परंपरा गोल्डस्मिथ यांच्या 'शी स्टूप्स टू कॉन्कर'पर्यंत (१७७३) आणि शेरिडन यांच्या 'द स्कूल फॉर स्कँडल'पर्यंत (१७७७) आली. १८९५ साली ऑस्कर वाइल्ड यांच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'मध्ये तिला सर्वांत धारदार रूप मिळालं.

वाइल्ड यांच्या त्या नाटकात लेडी ब्रॅकनेल नावाची एक आई आहे. मुलीला मागणी घालणाऱ्या तरुणासमोर ती हातात वही-पेन्सिल घेते आणि चौकशी सुरू करते. वय किती, मिळकत किती, घर कुठल्या चौकात? चौक बरोबर असला तरी घर चौकाच्या कमी प्रतिष्ठेच्या बाजूला आहे, म्हणून ती नाक मुरडते. शेवटी कळतं, की त्याला आई-बाप ठाऊक नाहीत. तान्हा असताना तो व्हिक्टोरिया स्थानकाच्या सामानघरात एका हँडबॅगेत सापडला होता. लंडनचे प्रेक्षक इथे का हसतात हे वर्गात समजावताना शिक्षक दमतात. मला वाटतं, तीच वही घुग्घुसच्या एखाद्या मावशीच्या हाती द्यावी. "पोरगा वेकोलित हाय म्हणता, पण परमनंट हाय का ठेक्यावर? क्वार्टर भेटलं का? जमीन गेली तं नोकरी कोनाच्या नावावर लागली?" हे प्रश्न पोह्यांची प्लेट पुढे सरकवता सरकवता विचारले जातात, आणि त्यांच्या उत्तरांवर लग्नं जुळतात किंवा मोडतात. लंडनच्या चौकाची बाजू आणि घुग्घुसच्या क्वार्टरचा दर्जा यांत मला काही फरक दिसत नाही.

ही नाटकं जशीच्या तशी उचलून चालत नाहीत. त्यांचं बिऱ्हाड हलवावं लागतं, आणि मराठीत हे काम फार पूर्वी झालं आहे. आर्थर मर्फी या लेखकाचं 'ऑल इन द राँग' हे नाटक १७६१ साली लंडनच्या ड्रूरी लेनमध्ये रंगलं होतं. त्याचं बीज फ्रेंच नाटककार मोलिएर यांच्या १६६० सालच्या एका प्रहसनातलं. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९३ साली त्यावरून 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिलं. पुढे त्यात पदं घालून 'संशयकल्लोळ' झालं आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व रेवती, गणपतराव बोडस फाल्गुनराव. देवल त्याच वर्षीच्या जूनमध्ये गेले.

या नाटकाकडे आपण गाण्यांचं नाटक म्हणून पाहतो. माझं मन त्यातल्या बिऱ्हाड हलवण्यावर जडलं आहे. कथा साधी आहे. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या नजरेस पडतं. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, आश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते. परक्या पुरुषाची तसबीर बायकोच्या हातात पाहून फाल्गुनराव पेटतो, आणि तीच तसबीर पुढे त्याच्याकडे पाहून आश्विनशेठ रेवतीवर संशय घेतो. एका वस्तूवर चार माणसं आपापल्या मनातलं चित्र पाहतात. पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं देऊन देवलांनी पहिल्या पानापासून नाटक मराठी करून टाकलं. पण त्यांचा खरा निर्णय वेगळाच आहे. इंग्रजी नाटकातली नायिका चांगल्या घरची मुलगी आहे. ती लग्नाआधी प्रियकराला भेटू शकते, त्याचं चित्र जवळ बाळगू शकते. १८९३ सालच्या मराठी घरंदाज मुलीला हे कसं शक्य होणार? म्हणून देवलांनी रेवती नायकिणीची मुलगी केली. एवढ्या एका बदलानं विनोदाच्या तळाशी एक खरी वेदना आली. जिच्या घराण्यावर जगाचा विश्वास नाही, तिला एका माणसाचा पूर्ण विश्वास हवा आहे. रीतभातीचं नाटक मोठं होतं ते अशा जागी.

दुसरं मोठं स्थलांतर पु. ल. देशपांडे यांचं. 'पिग्मॅलियन'वरून त्यांनी केलेलं 'ती फुलराणी' १९७५ साली रंगभूमीवर आलं. भक्ती बर्वे यांची मंजुळा आणि सतीश दुभाषी यांचा प्राध्यापक अशोक जहागीरदार. त्यातलं मंजुळेचं प्रसिद्ध स्वगत आजही शाळा-कॉलेजच्या मुली स्पर्धांमध्ये करतात, आपल्याकडेही. पण मंजुळा मुंबईच्या रस्त्यावरची आहे. आमच्या मुली तिचं बोलणं टेपवरून पाठ करतात, म्हणजे एका परक्या बोलीतून दुसरीकडे जातात. त्यांची स्वतःची बोली दोन्ही टोकांना कुठेच येत नाही.

खरं तर शॉ यांचं नाटक कानाचं आहे. कोव्हेंट गार्डनमध्ये पाऊस पडत असतो, माणसं चर्चच्या ओसरीत उभी असतात, आणि प्राध्यापक हिगिन्स नुसतं बोलणं ऐकून कोण कुठल्या गल्लीतला हे सांगत सुटतो. घुग्घुसच्या बसस्टँडवर असा माणूस उभा केला तर त्याच्या वहीत किती मजकूर भरेल! 'पाणी'चं 'पानी' झालं, की माणूस खेड्यातला ठरतो. 'डोळा'चा 'डोया' झाला तर तो वऱ्हाडाकडचा, 'डोरा' झाला तर पूर्वेकडच्या झाडीचा. 'जाऊन राहिलो' सगळ्यांचंच. त्यात खाणींमुळे आलेली तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी आणि आधीपासूनची गोंडी. दहावीपर्यंत पोरं हे सगळं बोलतात, आणि पुण्याला मुलाखतीला गेली की गप्प बसतात. मीही बसलो आहे. 'मले' तोंडातून निसटलं आणि समोरचा माणूस हसला, तेव्हा पुढचं सगळं उत्तर मी विसरलो होतो.

म्हणून या प्रयोगात एक चूक मुळीच होऊ नये. मराठी नाटकात गड्याला आणि मोलकरणीला बोली, नायकाला प्रमाणभाषा, ही वाटणी फार जुनी आहे. बोली ऐकू आली की हसायचं, ही सवय प्रेक्षकांच्या अंगात मुरली आहे. शॉ यांनी ती उलटी केली. तिसऱ्या अंकात एलायझा हिगिन्सच्या आईकडे पाहुणी म्हणून येते तेव्हा हिगिन्सच्या शिकवणीनं तिचे उच्चार निर्दोष झालेले असतात. त्या निर्दोष उच्चारांत ती सांगते, की मावशीला नक्कीच कुणीतरी मारलं असणार, आणि मावशीला दारू म्हणजे आईचं दूध होती. हसू येतं ते त्या स्वच्छ, इस्त्रीच्या भाषेचं. ती भाषा कुणाच्याही आयुष्यावर बसत नाही. आमच्या मंजुळेनंही हे सगळं शुद्ध पुणेरी मराठीत सांगावं. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती आणि शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे, त्यामुळे मावशीच्या बाटलीवर इथला प्रेक्षक लंडनपेक्षा जास्त हसेल, आणि काही बाया हसता हसता थांबतीलही.

व्यवहाराच्या बाजूनं अडचण फारशी नाही. शॉ २ नोव्हेंबर १९५० रोजी वारले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून 'पिग्मॅलियन' भारतात सर्वांसाठी खुलं झालं. त्याच वर्षी, २७ सप्टेंबरला, चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं. 'फुलराणी'ला परवानगी लागेल, मूळ नाटकावरून स्वतःचं लिहायला लागणार नाही. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिकेला अर्धा तास आणि नऊ कलावंत मिळतात. मी मोजून पाहिलं. तिसरा आणि पाचवा अंक दोन्ही हिगिन्सच्या आईच्या दिवाणखान्यात घडतात, म्हणजे नेपथ्य एकच. तिसऱ्यात सात माणसं बोलतात, पाचव्यात राखवाला येतो, आणि पाहुणे आल्याचं सांगणारी मोलकरीण धरून बरोबर नऊ.

अभिनयाचं मात्र कठीण आहे. आमच्या पूर्वेला झाडीपट्टीची रंगभूमी आहे. वडशाच्या मंडळ्या धान निघाल्यावर रात्ररात्र नाटकं करतात, आणि कुरखेड्याकडचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या सेवेसाठी. हजारोंच्या मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा फेकायचा, हशा पिकला की पुढचं वाक्य कसं धरून ठेवायचं, हे विद्यार्थ्यांनी तिथूनच शिकावं. पण रीतभातीच्या नाटकात पात्राला आपण विनोदी आहोत हे ठाऊक नसतं. लेडी ब्रॅकनेल गंभीर असते. आवाज खाली ठेवून, हात आवरून, कप न वाजवता बोलायचं आणि तरी मागच्या रांगेला हसवायचं, याला महिनाभराची तालीम हवी. कोट, हॅट, विग आणि खोटे इंग्रजी उच्चार यांवर पैसे घालवू नयेत.

आणि राखवाला? शॉ यांच्या नाटकात डूलिटलला एका अमेरिकन श्रीमंताच्या मृत्युपत्रातून अचानक वार्षिक तनखा मिळतो. तो धास्तावतो. कालपर्यंत न ओळखणारे नातेवाईक उगवतात, आता लग्नसुद्धा रीतसर करावं लागतं. आपल्याकडे हा अंक लिहायला कल्पना लढवावी लागत नाही. खाणीत शेत जातं, मोबदला खात्यावर येतो, आणि महिनाभरात दारासमोरच्या चपलांची संख्या बदलते.

पाचव्या अंकात हा बाप लग्नाच्या थाटात बाल्कनीत उभा असतो. आत एलायझा शांतपणे सांगत असते, की आता ठरवलं तरी तिला तिचे जुने आवाज काढता येणार नाहीत. तेवढ्यात बाप मागून येऊन खांद्यावर हात ठेवतो. ती वळते, त्याचा तो अवतार पाहते, आणि तोंडातून जुनाच आवाज फुटतो. शॉ यांनी त्या जागी नुसते स्वर लिहिले आहेत, शब्द नाही. घुग्घुसच्या मुलीला तिथे शब्द शोधायची गरज पडणार नाही. तो तिच्या जिभेवर जन्मापासून आहे आणि समोर उभा आहे तो कोण, तेही त्यातच येतं: "अगाऽ बाप्पा!"