चाकाचा ‘आऊट’ काढायचाय? आधी पान्याची खाच तपासा

जूनमध्ये घेतलेली सायकल दिवाळीपर्यंत कुरकुर करायला लागते. पुढचे चाक डावी-उजवीकडे हेलकावे खाते, ब्रेकचा रबर दर फेऱ्याला रिमला घासतो आणि पायडल जड लागते. दुकानात नेली की मिस्त्री सायकल उलटी करतो, एक छोटा पाना घेतो, चार-पाच निप्पल इकडे-तिकडे फिरवतो आणि चाक सरळ होते. याला आपल्याकडे ‘आऊट काढणे’ म्हणतात. पुढच्या वर्षी तेच चाक पुन्हा आऊट होते. या वेळी मात्र पाना निप्पलवरून नुसताच घसरतो. निप्पलचे चारही कोपरे गोल झालेले असतात. मग चाकच खराब निघाले, असे ठरवून नवे टाकले जाते.

चाक बऱ्याचदा चांगलेच असते. चुकलेला असतो तो पाना, आणि तोही जेमतेम दोन कागदांच्या जाडीइतका.

भंडारा जिल्ह्यात याचे महत्त्व काय?

मानव विकास कार्यक्रमात राज्यातील १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल खरेदीसाठी अर्थसाहाय्य मिळते. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असावे, अशी अट आहे. २०२२ मध्ये ही रक्कम पाच हजार रुपये करण्यात आली. भंडारा जिल्ह्यातील मुलीही या योजनेच्या लाभार्थी आहेत. पैसे खरेदीसाठी मिळतात. त्यानंतरची दुरुस्ती घरच्या खिशातून करावी लागते.

आता थोडे गणित. शाळा पाच किलोमीटरवर असेल तर रोजचे जाणे-येणे दहा किलोमीटर. २६ इंची चाक एका फेऱ्यात साधारण २.०७ मीटर पुढे जाते. म्हणजे रोज सुमारे ४,८०० फेरे. वर्षाचे २०० दिवस धरले तर साडेनऊ लाखांहून अधिक. दर फेऱ्याला प्रत्येक स्पोक एकदा रस्त्याच्या बाजूला खाली येतो, क्षणभर सैलावतो आणि वर जाताना पुन्हा ताणला जातो. साडेनऊ लाख वेळा वाकवलेली कुठलीही तार तुटेल. स्पोक तुटत नाही, कारण तो आधीच पुरेसा ताणलेला असतो आणि खाली आल्यावरही पूर्ण ढिला पडत नाही. ताण कमी असेल तर मात्र हबच्या भोकात अडकवलेला त्याचा वाकडा भाग दर फेऱ्याला हलतो आणि तिथेच एक दिवस ‘टण्ण’ होते. कॅरिअरवर मैत्रीण बसलेली असेल तर मागच्या चाकात हे लवकर घडते.

चाक नेमके कशावर उभे असते?

सायकलचे चाक बैलगाडीच्या चाकासारखे नाही. बैलगाडीत वजन खालच्या आऱ्यावर दाब म्हणून येते. लाकूड तो सोसते. सायकलचा स्पोक म्हणजे साधारण दोन मिलिमीटर जाडीची तार. ती दाबली तर वाकेल. म्हणून सगळे स्पोक आधीच ताणून ठेवतात आणि रिम सगळीकडून हबकडे ओढली जाते. जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाने १८०८ मध्येच ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना मांडली होती, आणि तीही विमानाच्या चाकासाठी. हबला स्पर्शरेषेत लावलेल्या, एकमेकांना छेद देत जाणाऱ्या स्पोकचे पेटंट जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये घेतले. आज गावातल्या सायकलच्या चाकात दिसते ती हीच रचना.

ही ओढाताण दोन्ही बाजूंनी सारखी असली की चाक सरळ फिरते. डाव्या बाजूचा एखादा स्पोक ढिला झाला की रिम तिथे उजवीकडे सरकते. हाच ‘आऊट’.

जुन्या काळ्या, रॉड ब्रेकच्या सायकलीत ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या, हबकडच्या तोंडावर टेकतात. त्यामुळे चाक थोडे डगमगले तरी खपून जायचे. आताच्या बहुतेक साध्या सायकलींत ब्रेक दोन्ही बाजूंनी रिमला चिमटा काढतो आणि रबर व रिममध्ये जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जागा असते. आजोबांच्या सायकलीला महिनोन्महिने आऊट काढावा लागत नसे आणि नातीच्या सायकलीला लागतो, त्याचे एक कारण हे.

निप्पल पितळेचा, पाना पोलादाचा

स्पोकच्या टोकाला रिममध्ये बसवलेला छोटा चौकोनी नट म्हणजे निप्पल. तो बहुधा पितळेचा असतो आणि वरून निकेलचा चकचकीत मुलामा दिलेला असतो. पितळ कसे वागते, हे पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्याला वेगळे सांगायला नको. धातू नरम असल्याने आटे सहज फिरतात आणि तो लोखंडासारखा गंजत नाही. पण तीच नरमाई पोलादी पान्यापुढे तोकडी पडते.

निप्पलच्या चौकोनाची मापे ठरलेली आहेत, आणि ती एकमेकांच्या फार जवळ आहेत. सर्वाधिक आढळणारी तीन मापे म्हणजे ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिलिमीटर. जाड स्पोकच्या काही निप्पलना ३.९६ चे माप लागते. ‘पार्क टूल’ या अमेरिकी कंपनीने त्यांना रंग दिले आहेत: ३.२३ काळा, ३.३० हिरवा, ३.४५ लाल आणि ३.९६ निळा. जगभरचे मेकॅनिक आज याच रंगांनी बोलतात.

३.२३ आणि ३.४५ मध्ये फरक ०.२२ मिलिमीटरचा. झेरॉक्सचे दोन कागद एकत्र धरले तर साधारण तेवढी जाडी भरते. इतक्याने काय होते? ३.२३ च्या निप्पलवर ३.४५ ची खाच बसवली तर पाना दोन्ही दिशांना सुमारे चार-चार अंश मोकळाच हलतो. त्यानंतर तो पकडतो, पण निप्पलच्या सपाट बाजूला टेकून नाही, तर दोन कोपऱ्यांना. सगळा जोर त्या दोन धारांवर येतो आणि पितळ दबते. निप्पल नवा आणि तेलकट असेल तर तरीही फिरतो. दोन पावसाळे चिखलातून गेलेला, आट्यांत माती आणि गंज धरलेला निप्पल फिरत नाही, तो सोलतो.

मग घ्यायचा कोणता?

सायकल दुकानात याला स्पोक पाना, निप्पल पाना किंवा नुसता आऊटचा पाना म्हणतात. ऑनलाइन ‘स्पोक रेंच’ किंवा ‘स्पोक की’ शोधावे लागते. सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा म्हणजे गोल पाना, लोखंडी चकतीच्या कडेला सहा-आठ खाचा असलेला. एकात सगळी मापे, म्हणून तो फायद्याचा वाटतो. प्रत्यक्षात तोच सर्वाधिक निप्पल खराब करतो. एक तर स्वस्त चकतीतल्या खाचा नेमक्या मापाच्या असतीलच असे नाही. दुसरे म्हणजे काम करताना चकती हातात फिरते आणि शेजारची मोठी खाच कधी लागली ते कळत नाही. घरात तो आहेच तर फेकायची गरज नाही. आपल्या सायकलला घट्ट बसणारी खाच एकदा शोधावी आणि तिच्या शेजारी नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. यापेक्षा स्वस्त सुधारणा नाही.

नवा घ्यायचा असेल तर एका मापाचा, हातात मावणारा पाना सरस. त्यातही खाचेचा आकार बघावा. साधी खाच निप्पलच्या समोरासमोरच्या दोन बाजू पकडते. काही पान्यांची खाच चौकोनी असते आणि तिला फक्त स्पोक आत घालण्यापुरते तोंड असते. असा पाना निप्पलच्या चारही कोपऱ्यांना मिठी मारतो. तो लावायला-काढायला किंचित वेळ लागतो, कारण वरून स्पोकवर घालून खाली सरकवावा लागतो. पण अर्धवट गोल झालेला निप्पलही तो फिरवू शकतो. जुनी, गंजलेली चाके हाताळणाऱ्याने हाच घ्यावा; रोज दहा चाके करणाऱ्या मिस्त्रीला दोन बाजूंचा, झटपट लागणारा पाना सोयीचा.

लांब दांड्याचा मोह टाळावा. जोर जास्त लागला की निप्पल कधी सोलतोय ते हाताला कळत नाही आणि बारीक स्पोक स्वतःभोवती पिळला जातो. बोटांच्या जोराने निप्पल हलत नसेल तर त्याला तेल हवे आहे, दांडा नको.

माप कळणार कसे? जवळच्या आयटीआयमध्ये किंवा वर्कशॉपमध्ये व्हर्निअर कॅलिपर असतो. निप्पलच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर मोजायला अर्धा मिनिट पुरतो. तीन-चार निप्पल मोजावेत; मुलामा आणि घासटीमुळे थोडा फरक दिसतो. कॅलिपर नसेल तर नियम सोपा: जी सर्वांत लहान खाच पूर्ण आत बसते, ती आपली. सहज सरकणाऱ्या खाचेवर विश्वास ठेवू नये. एकाच सायकलच्या दोन चाकांना वेगवेगळी मापे निघू शकतात, विशेषतः एक चाक मागे कधी बदललेले असेल तर.

पाना हातात आल्यावर

निप्पलला हात लावण्याआधी चाक दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघावे. हब खुळखुळत असेल तर तो आऊट नाही. कोन ढिले आहेत. आधी ते कसावेत. हे न बघता आऊट काढत बसलेले लोक तासभर घाम गाळतात.

मग प्रत्येक निप्पलच्या मुळाशी, स्पोक आत जातो तिथे आणि रिमच्या भोकात, तेलाचा एकेक थेंब. पावसाळ्यानंतर तर रात्रभर मुरू द्यावे. तेल रिमच्या बाजूला लागले तर पुसून घ्यावे, नाहीतर ब्रेक घसरेल.

सायकल उलटी करून चाक फिरवावे आणि ब्रेकच्या रबराजवळ खडू स्थिर धरावा. जिथे रिम बाहेर येते तिथे खडू लागतो. रिम उजवीकडे आली असेल तर त्या भागातले डाव्या बाजूच्या हबकडे जाणारे स्पोक कसायचे आणि उजवीकडचे तितकेच सैल करायचे. एका वेळी पाव फेरा, त्यापेक्षा जास्त नाही. दोन मिलिमीटर जाडीच्या स्पोकवर एका इंचात ५६ आटे असतात. पूर्ण फेऱ्याला निप्पल ०.४५ मिलिमीटर सरकतो, पाव फेऱ्याला ०.११. ऐकायला नगण्य, पण दोन-तीन स्पोकवर मिळून रिम डोळ्यांदेखत सरकते.

दिशेचा घोळ सगळ्यांचा होतो. टायरच्या बाजूने बघितले तर निप्पल नेहमीच्या स्क्रूसारखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घट्ट होतो. पाना मात्र आपण हबच्या बाजूने बघत फिरवतो, त्यामुळे घट्ट करण्याची दिशा उलटी दिसते. गोंधळ झाला तर एका स्पोकला बोटाने टिचकी मारून आवाज ऐकावा, पाव फेरा द्यावा, पुन्हा ऐकावा. आवाज चढला तर स्पोक घट्ट झाला. मुरलेले मिस्त्री अख्खे चाक असेच कानाने तपासतात.

खड्ड्यात आदळून रिमच दबली असेल तर कितीही महाग पाना उपयोगाचा नाही. ताणून ताणून ती वरवर सरळ दिसेल, पण काही स्पोक फार घट्ट आणि शेजारचे ढिले राहतील.

नवे चाक विणायचे असेल तर?

हबपासून चाक भरायचे असेल तर हिशेब बदलतो. ३६ स्पोकच्या चाकात प्रत्येक निप्पल साधारण दहा मिलिमीटर आट्यांवर चढतो, म्हणजे वीस-बावीस फेरे. एकूण आठशेच्या आसपास. हे सगळे पान्याने करू नये. निप्पलच्या डोक्यावर स्क्रू ड्रायव्हरची खाच असते. सुरुवातीचे फेरे टायरच्या बाजूने स्क्रू ड्रायव्हरने द्यावेत, ताण यायला लागला की पाना घ्यावा. इथे प्लास्टिकचे किंवा रबरी आवरण असलेला पाना घेतल्याचे बोटांना समाधान वाटते.

कोपरे आधीच गेले असतील तर?

तीच डोक्यावरची खाच कामी येते. टायर, ट्यूब आणि रिमवरची पट्टी काढून स्क्रू ड्रायव्हरने निप्पल फिरवता येतो. स्पोकचे टोक वर आलेले असेल तर मात्र जमत नाही. वर आलेले टोक तसेही कानशीने घासून टाकायला हवे, कारण पट्टी भेदून तेच ट्यूबला टोचते आणि रस्त्यावर काटा नसताना पंक्चर का होते, याचा शोध सुरू होतो. निप्पल बदलावाच लागला तर जुना निप्पल आणि शक्य असेल तर तो स्पोकही दुकानात सोबत न्यावा. आटे स्पोकच्या जाडीप्रमाणे वेगळे असतात. १४ गेजच्या, म्हणजे दोन मिलिमीटरच्या स्पोकचा निप्पल १३ गेजच्या २.३ मिलिमीटर स्पोकला बसत नाही. नवा निप्पल विकत घेतानाच आपला पाना त्यावर घालून बघावा.