गाडीतील ईसीयू काढता-बसविताना



उसाचे सोडून यावेळी गाडीवर लिहितो आहे, याचे आपणास नवल वाटेल. पण तळेगाव दाभाडे गटात शिवारफेरीला गेलो तर ऐन गळीत हंगामात एक नवा ट्रॅक्टर गोठ्यापुढे उभा. ट्रेलरचा हुक तुटला म्हणून बॅटरी न सोडता जागेवरच वेल्डिंग केले, आणि ईसीयू जळाला. तोडलेला ऊस फडात वाळत पडला, वजनातली घट वेगळीच.

ईसीयू म्हणजे इंजिनला डिझेल किती नि केव्हा द्यायचे हे ठरविणारी पेटी. मोटारीत ती पूर्वीपासून आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना धुराचे नियम कडक झाले, आणि आता ती ट्रॅक्टरातही दिसते. वेल्डिंगचा शंभर-दीडशे अँपियरचा करंट सांगाड्यातून वाट काढतो. म्हणून आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी व पेटीचे कपलर सोडावेत, आणि वेल्डिंगचा अर्थिंग चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा.

पेटी काढायची तर किल्ली बंद करून बाहेर घ्या आणि थोडे थांबा. युरिया टाकी असलेल्या डिझेल गाडीत किल्ली काढल्यावरही पंप नळीतला युरिया मागे ओढत असतो, त्याला पाच-दहा मिनिटे द्यावीत. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा. पॉझिटिव्ह आधी सोडू गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी ठरलेलीच. बसविताना उलट, निगेटिव्ह शेवटी.

हाताची स्थिर वीजही पेटीला सोसत नाही. कोऱ्या लोखंडाला हात लावून मगच पेटी धरावी. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कपलरचा खटका उघडून तो सरळ ओढा, वायरीला धरून नको. पिनांना बोट लावू नये. हिरवा गंज दिसला किंवा उंदरांनी वायर कुरतडली असेल (उसाच्या कडेला गाडी लावणाऱ्यांना हे सांगायला नको), तर दोष बहुधा तिथेच असतो आणि पेटी निर्दोष असते. नवी पेटी घेण्याची घाई करू नका.

बसविताना रबरी बुशा, अर्थिंगची पट्टी, सगळे स्क्रू जागच्या जागी. कपलर खटका वाजेपर्यंत दाबावा. किल्ली फिरवून दिवे पाहा, मगच इंजिन चालू करा.

भंगारातली पेटी स्वस्त मिळते. जनरल मोटर्सच्या तळेगाव कारखान्यातले उत्पादन २०२० अखेर थांबले, तरी शेवरोले गाड्या आपल्याकडे अजून आहेत, आणि त्यांचे मालक हा मार्ग धरतात. पण पार्ट नंबर तंतोतंत जुळला तरी किल्लीचा चोरीरोधक कोड जुळेलच असे नाही. कॉमन रेल डिझेलला इंजेक्टरचे आकडेही पेटीत भरावे लागतात. ते काम संगणक असलेल्या मेकॅनिककडेच होते.

एअरबॅगच्या पेटीला व पिवळ्या कपलरना मात्र घरी हात लावू नये. आणि बॅटरी उतरली म्हणून उसाच्या २४ व्होल्टच्या ट्रकवरून १२ व्होल्टच्या मोटारीला करंट देऊ नये.

– ऊस विकास अधिकारी