जपानी विद्यापीठांतील एक वर्ष



मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा हमरस्ता नागपूर व भंडारा ओलांडून पुढें गेला म्हणजे गोंदिया जिल्ह्यांत कोहमारा नांवाचें गांव लागतें. गोंदियाहून नवेगांवबांधकडे जाणारा रस्ता त्यास येथेंच मिळतो. भोंवतालीं धानाच्या बांध्या, तलाव आणि जंगल. अशा गांवच्या मुलानें अगर मुलीनें जपानांतील विद्यापीठांत एक वर्ष शिकून यावें, ही गोष्ट आतां अशक्य कोटींतली राहिलेली नाहीं. मात्र घरच्या मंडळींनीं होकार देण्यापूर्वीं त्या वर्षाचें स्वरूप नीट समजून घ्यावें. कारण तेथें पैशाबरोबर मुलाच्या आयुष्यांतलें एक वर्षहि पणास लागलेलें असतें.

महाराष्ट्राला जपानी विद्यापीठाचें कौतुक नवें नाहीं. तोक्यो येथें १९०१ सालीं स्थापन झालेल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक लहानशी पुस्तिका महर्षि अण्णासाहेब कर्वे यांच्या वाचनांत आली. १९१५ च्या डिसेंबरांत मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं तसेंच विद्यापीठ येथें काढण्याची कल्पना मांडली, आणि १९१६ सालीं तें हिंगण्यास सुरूहि झालें. एका पुस्तिकेनें एवढें घडतें, मग वर्षभर प्रत्यक्ष राहून आलेल्या विद्यार्थ्याकडून काय घडणार नाहीं, असें कोणासहि वाटेल. परंतु अण्णासाहेब तेव्हां सत्तावन वर्षांचे होते आणि आपल्याला काय हवें तें त्यांस पुरतें ठाऊक होतें. विशीच्या विद्यार्थ्यास तें ठाऊक असतेंच असें नाहीं.

विद्यार्थ्यांचा विनिमय म्हणजे दोन विद्यापीठांतील करार. विद्यार्थी आपल्याच विद्यापीठाच्या पटावर राहतो, शुल्क येथेंच भरतो, व यजमान विद्यापीठ त्याच्याकडून शिकवणीचें शुल्क घेत नाहीं. राहणें, जेवणखाण, प्रवास हा खर्च मात्र त्याचा. शिष्यवृत्ति मिळाल्यास गोष्ट निराळी. म्हणून पहिली चौकशी आपल्या विद्यापीठाचा असा करार आहे कीं नाहीं, हीच. जपानी भाषा हाच पदवीचा विषय घेणारांसाठीं जपान सरकारची एक वर्षाची वेगळी शिष्यवृत्तिहि आहे; पुण्यास सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठांत व टिळक महाराष्ट्र विद्यापीठांत त्या भाषेच्या शिक्षणाची सोय आहे.

दुसरी अडचण पंचांगाची. जपानचें शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्यें सुरू होऊन मार्चमध्यें संपतें; दुसरें सत्र सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरांत लागतें. आपलें वर्ष जून-जुलैचें. म्हणजे ऑक्टोबरांत गेलेला विद्यार्थी आपल्या दोन वर्षांच्या मध्यें लोंबकळतो. त्यांतच तेथील एक श्रेयांक म्हणजे ४५ तासांचा अभ्यास, आणि त्यांत घरीं बसून केलेला अभ्यासहि धरलेला. कोणता विषय येथें कशाच्या बदलीं धरला जाईल, हें निघण्यापूर्वीं लेखी ठरवून घेतलें नाहीं, तर परत आल्यावर तेंच वर्ष पुन्हां काढण्याची पाळी येते. तोंडी आश्वासनावर कोणीहि विमानांत बसूं नये.

आतां भाषेकडे वळूं. जपानी ही फार कठीण भाषा, असा आपल्याकडे समज आहे. मराठी माणसाच्या बाबतींत तो निम्माच खरा आहे. जपानी शब्दकोश उघडला तर अक्षरांचा क्रम दिसतो तो असा: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही आपल्याच वर्णमालेची सांवली आहे. बौद्ध भिक्षूंनीं संस्कृत मंत्रांसाठीं सिद्धम् लिपि चीनमार्गें जपानांत नेली, तिच्याबरोबर ही वर्णव्यवस्था गेली, आणि आजहि ती तेथें नांदते आहे. वाक्यरचनाहि ओळखीची. ‘वाताशि वा निहोन् नि इकिमासु’ म्हणजे ‘मी जपानला जातों’. क्रियापद शेवटीं, आणि ‘ला’ च्या जागीं ‘नि’ नामाच्या मागें. ‘आला’ आणि ‘आले’ यांतला आदराचा भेद आपण बाळपणींच शिकतों. जपानींत त्याचा विस्तार मोठा आहे एवढेंच.

खरा डोंगर लिपीचा. दोन वर्णमाला महिन्या-दोन महिन्यांत येतात; पण रोजच्या व्यवहारासाठीं ठरवून दिलेल्या चित्राक्षरांची संख्या २,१३६ आहे. भाषेच्या परीक्षेच्या पांच पायऱ्या आहेत. वर्गांतील व्याख्यान समजावयाचें तर वरच्या दोहोंपैकीं एक तरी गांठावी लागते. ती न गांठतां गेलेल्यांसाठीं इंग्रजींतील वर्ग असतात. पण त्यांचें वर्ष बहुधा इतर परदेशी विद्यार्थ्यांच्याच संगतींत जातें, आणि जपान खिडकींतून पाहिल्यासारखा होतो.

तास बहुधा ९० मिनिटांचे. शेवटच्या वर्षांतील शिक्षण मुख्यतः ‘ज़ेमि’ म्हणजे एका प्राध्यापकाभोंवतीं जमणाऱ्या लहान मंडळांत चालतें. तेथें विद्यार्थ्यानें टिपण वाचावयाचें व इतरांनीं त्याची चिरफाड करावयाची. पुढच्या वर्गांतील ‘सेम्पाइ’चा मान मोठा, आणि नवख्याला वाट दाखविण्याची जबाबदारीहि त्याच्यावरच.

व्यवहाराच्या चार गोष्टी. बिऱ्हाड ठरल्यापासून १४ दिवसांत नगरकचेरींत पत्ता नोंदवावा लागतो. आरोग्य विम्यांत नांव घातल्यावर औषधोपचाराच्या खर्चाचे तीस टक्के आपण द्यावयाचे. परवाना काढल्यास आठवड्यास २८ तासांपर्यंत काम करतां येतें. पण रात्रीं उपाहारगृहांत भांडीं घासून सकाळीं वर्गांत पेंगणें हा व्यापार तोट्याचा. शाकाहारी मंडळींनीं ध्यानांत ठेवावें कीं, नुसत्या भाज्यांच्या सारांतहि पुष्कळदां माशाचा अर्क असतो.

भात मात्र भरपूर. चिकट, आंखूड दाण्याचा. कोहमाऱ्याच्या विद्यार्थ्याला तेथें शोधण्यासारखें कांहीं असेल तर तें या भातांतच आहे. आपल्याकडे पऱ्हे टाकून जुलैंत रोवणी होते. जपानांत बहुतेक ठिकाणीं मे-जूनमध्येंच यंत्रानें होते, कारण खेड्यांतील तरुण शहरांत गेले आणि शेतकऱ्यांचें सरासरी वय सत्तरीच्या घरांत पोंचलें. गोंदिया-भंडाऱ्याचे जुने तलाव मालगुजारी गेल्यावर, १९५० नंतर, सरकारजमा झाले आणि पुष्कळसे गाळानें भरले. जपानांत १९४९ च्या कायद्यानें बनलेल्या शेतकऱ्यांच्या संस्था आपल्या पाटांची देखभाल व पाणीवाटप स्वतः करतात व त्यासाठीं सभासदांकडून वर्गणी घेतात. ही व्यवस्था कशी चालते, भांडणें कोण मिटवितो, म्हाताऱ्यांनंतर ती कोण सांभाळणार, असा एखादा प्रश्न मनांत घेऊन जो जाईल, त्याला प्राध्यापकहि भेटतील आणि शेतकरीहि.

ज्यांना ऑक्टोबरांत निघावयाचें असेल त्यांनीं तयारी आदल्या वर्षींच सुरू करावी. आपल्या विद्यापीठाची निवड, यजमान विद्यापीठाचा होकार, तेथून येणारें निवासपात्रतेचें प्रमाणपत्र आणि मग मुंबईच्या जपानी वकिलातीकडून प्रवेशपरवाना, असा हा क्रम आहे. आणि यांतील पहिल्याच पायरीवर भाषेच्या परीक्षेचा दाखला बहुधा मागितला जातो.