दातांच्या तारा आणि बदलीचा हुकूम

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या तीरावर वसलेल्या गार्डन रीचचे नाव विदर्भातील रेल्वे कुटुंबांना एके काळी चांगलेच परिचित होते. बंगाल-नागपूर रेल्वेचे आणि १९५५ पासून दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय येथेच. २००३ मध्ये बिलासपूर येथे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे मुख्यालय आले, तोवर नागपूर विभागाचा कारभार गार्डन रीचच्या अखत्यारीत होता. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये कलकत्त्यास आले आणि लगतच्या मटियाबुर्ज भागात अखेरपर्यंत राहिले. नोकरीनिमित्त येथे येणाऱ्यांचा मुक्काम मात्र बहुधा पुढील हुकमापुरताच असतो.

बदलीच्या नोकरीत मुलांच्या शाळेची आणि घराच्या भाड्याची काळजी सर्वजण करतात. मुलाच्या दातांना लावलेल्या तारा हुकूम हाती पडल्यावरच आठवतात. बँकेतील अधिकाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. दंतव्यंगोपचारास साधारणतः दीड ते दोन वर्षे लागतात, आणि ही दोन वर्षे एका गावात सलग मिळतील याची शाश्वती अशा घरांना नसते.

एवढा अवधी का लागतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरहून कमी जाडीचे एक तंतुमय अस्तर असते. तारेचा सौम्य पण सतत दाब पडू लागला की दाबाच्या बाजूचे हाड शरीरातील विशिष्ट पेशी हळूहळू झिजवितात आणि विरुद्ध बाजूस दुसऱ्या पेशी नवे हाड घडवितात. तार केवळ दिशा दाखविते. रस्ता शरीरच तयार करते. या गतीने दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. तार अधिक आवळली तर काम लवकर उरकेल, असे पुष्कळ पालकांना वाटते. प्रत्यक्षात अति दाबाने त्या अस्तराचा रक्तपुरवठा खुंटतो, दात सरकणे रेंगाळते आणि मुळाची झीज होण्याचा धोका वाढतो.

दात वेडेवाकडे येण्यास आनुवंशिकता, जबड्यात अपुरी जागा, दीर्घकाळ अंगठा चोखण्याची सवय, दुधाचे दात अकाली पडणे अशी अनेक कारणे असतात. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा तपासणी करून घ्यावी, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. तारा मात्र बहुधा अकराव्या ते चौदाव्या वर्षी बसतात. हिरड्या निरोगी असतील तर प्रौढांनाही हा उपचार घेता येतो. जागा फारच कमी असेल तेव्हा उपदाढा काढण्याचा सल्ला मिळतो आणि चांगले दात काढायचे या कल्पनेने घरातील वडीलधारी मंडळी अस्वस्थ होतात. अशा वेळी क्ष-किरण चित्रे समोर ठेवून कारण विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. दात काढण्याची गरज प्रत्येकास असतेच असे नाही.

कोलकात्यात हा उपचार घेणाऱ्यास एक जुना वारसा लाभला आहे. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून १९१५ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि १९२० मध्ये कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय स्थापन केले. सियालदहजवळील ही संस्था आज त्यांच्याच नावाने चालते. फातिमा जीना यांनी तेथेच शिक्षण घेतले आणि १९२३ मध्ये मुंबईत दवाखाना उघडला. महाविद्यालयाच्या खर्चासाठी डॉ. अहमद यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे उपाहारगृह काढले होते, असे सांगतात. दंतवैद्याने आइस्क्रीम आणि गोड पेये विकून दंतवैद्यक शिकवावे, यातील गंमत त्यांच्याही लक्षात आली असेलच.

पुढे त्याच आयोवा विद्यापीठात जॉर्ज अँड्रियासन यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची तार दंतव्यंगोपचारात आणली. हा मिश्रधातू मूळचा अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेतला. कितीही वाकविली तरी ही तार आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहते आणि त्या ओढीने दातावर दीर्घकाळ हलका दाब ठेवते. युद्धनौका बांधणाऱ्या गार्डन रीचच्या गोदीशेजारी राहणाऱ्या मुलाच्या तोंडात नौदलाचाच धातू असावा, हा एक योगायोग.

मात्र या गुणातच एक जोखीमही दडलेली आहे. घरातील सामान बांधले गेले, दवाखाना सुटला, तरी तार आपले काम करीतच राहते. देखरेखीविना चार-सहा महिने गेले तर दात नको तेथे सरकू शकतात, आणि पट्टीभोवती अन्न साचून दातांवर पांढरे चट्टे पडतात. तारा निघाल्यावर दात सरळ दिसतात, पण ते चट्टे तसेच राहतात.

म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना बदलीची शक्यता स्पष्ट सांगावी. वर्षभरात हुकूम येणार हे दिसत असेल तर पुष्कळदा थोडे थांबता येते. परंतु जबड्याच्या वाढीचा लाभ घ्यावयाचा असेल तर ते वय निघून जाते. हा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. उपचार सुरू असताना जावे लागलेच तर सुरुवातीचे प्लास्टरचे साचे, क्ष-किरण चित्रे, छायाचित्रे, उपचाराची योजना, पट्ट्यांचा प्रकार आणि शेवटची तार कधी बदलली याची लेखी नोंद सोबत घ्यावी. नवा डॉक्टर मिळेपर्यंत दातांवर जोर न देणारी तार बसवून देण्याची विनंतीही करता येते. शुल्क बहुधा हप्त्यांनी दिले जाते. किती दिले, किती कामाचे दिले याची पावती असावी, कारण नव्या दवाखान्यात हिशेब नव्याने मांडला जातो. तेथील डॉक्टर दंतव्यंगोपचारातील पदव्युत्तर पदवीधारक आहेत ना, हेही पाहून घ्यावे.

रोजचे जगणे त्यामानाने सोपे. पहिले दोन-तीन दिवस दात दुखतात, आठवडाभरात सवय होते. गालास तार टोचल्यास दवाखान्यातून मिळणारे मेण लावावे. प्रत्येक जेवणानंतर फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत आणि पट्टीभोवतीच्या फटींसाठी छोटा ब्रश वापरावा. चिक्की, ऊस, कडक चकली, भाजलेले कणीस यांनी पट्ट्या निखळतात. कोलकात्यातील झालमुडीतले शेंगदाणेही त्याच यादीतले. मऊ संदेश खाण्यास हरकत नाही. त्यानंतर चूळ भरणे मात्र आले. हळदीच्या रश्श्याने रंगहीन रबरी कड्या पिवळ्या पडतात आणि मुले हिरमुसतात. पुढच्या भेटीत कड्या बदलतात, तेव्हा रंगीत कड्या मागणाऱ्या मुलांची युक्ती वाईट नव्हे.

तारा निघाल्या म्हणजे उपचार संपला, असे मानून अनेकजण गाफील राहतात. नव्या जागी हाड आणि तंतू स्थिरावण्यास बराच काळ लागतो आणि दात जुन्या जागेकडे ओढ घेतात. त्यासाठी रिटेनर, म्हणजे दात जागी धरून ठेवणारे साधन, आधी अहोरात्र आणि नंतर रात्रीपुरते, डॉक्टर सांगतील तितकी वर्षे वापरावे लागते. जेवताना ते काढून कागदी रुमालात गुंडाळले जाते आणि गाडीतील जेवणाच्या ताटाबरोबर फेकलेही जाते. यासाठी त्याला स्वतंत्र डबी ठेवावी आणि बदलीच्या प्रवासात ती ट्रंकेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी.