मराठीसाठी मोठा कीबोर्ड लागतो का?

पावणेदोनशेच्या आसपास कळा असलेला ‘हायपर ७’, किंवा वरच्या बाजूला एफ-१ ते एफ-२४ अशा दोन रांगा असलेले आयबीएमचे जुने कीबोर्ड, यांचे फोटो पाहिले की दोन प्रकारची मते ऐकू येतात. काही जणांना हे निव्वळ हौशी लोकांचे खूळ वाटते. काही जण म्हणतात, आपल्या भाषेला असाच मोठा कीबोर्ड मिळाला असता तर मराठी टायपिंग इतके अवघड गेले नसते. दोन्ही समज चुकीचे आहेत. दुसऱ्यामुळे तर माणसे आपल्या भाषेत लिहायचेच टाळतात, म्हणून त्याबद्दल अधिक सांगायला हवे.

आधी खुळाविषयी. पुण्याच्या धायरी-नऱ्हे भागातल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये जाऊन सीएनसी लेथचे पॅनेल नीट पाहा. त्यावर अक्षरांच्या आणि आकड्यांच्या कळा असतातच, शिवाय सायकल स्टार्ट, फीड होल्ड, स्पिंडल चालू-बंद यांची स्वतंत्र बटणे आणि लाल इमर्जन्सी स्टॉप असतो. ऑपरेटरचा हात तेलकट, नजर जॉबवर. अशा वेळी दोन-तीन कळा एकत्र दाबून हुकूम देत बसणे परवडत नाही. एका कामाला एकच बटण, तेही न पाहता सापडणारे, असेच लागते. आयबीएमच्या १२२ कळांच्या कीबोर्डमागेही हेच कारण होते. तो मोठ्या मेनफ्रेम संगणकांना जोडलेल्या टर्मिनलांसाठी होता आणि त्या पडद्यांवरच्या प्रोग्रामना चोवीस फंक्शन कळा लागत. अमेरिकेत एमआयटीमध्ये टॉम नाइट यांनी तयार केलेला ‘स्पेस कॅडेट’ही प्रसिद्ध आहे. त्याच्या शंभर कळांपैकी सात प्रकारच्या कळा शिफ्टसारख्या, म्हणजे दुसऱ्या कळेचा अर्थ बदलणाऱ्या होत्या. त्यामुळे गणिताची चिन्हे आणि ग्रीक अक्षरे थेट कीबोर्डवरून देता येत.

या जास्तीच्या कळा आजचा संगणक ओळखतच नाही, असेही म्हटले जाते. तसे नाही. यूएसबीच्या मानकात एफ-१३ ते एफ-२४ या कळांना आजही क्रमांक आहेत आणि विंडोज त्या ओळखते. फक्त त्यांनी काय करायचे ते प्रोग्राममध्ये नेमून द्यावे लागते.

मोठ्या कीबोर्डमुळे टायपिंगचा वेग वाढतो, हा समज मात्र सोडून द्यावा. लिहिताना बोटे मधल्या तीन-चार रांगांतच फिरतात. उजवीकडचा आकड्यांचा भाग दिवसभर व्हाउचर भरणाऱ्या अकाउंटंटला अतिशय उपयोगी आहे. ज्याला आकड्यांचे काम नाही, त्याचा माउस त्या भागामुळे लांब जातो आणि खांद्याला ताण पडतो.

आता मराठी. स्वर, व्यंजने, काना-मात्रा, वेलांट्या, त्यात शेकडो जोडाक्षरे; एवढे सगळे इंग्रजी कीबोर्डवर कसे बसणार, ही शंका अगदी स्वाभाविक आहे. ती खिळ्यांच्या छापखान्यातून आली आहे. तिथे प्रत्येक आकाराला शिशाचा वेगळा खिळा लागे आणि मराठी जुळाऱ्यासमोर इंग्रजीच्या कितीतरी पट घरे असत. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी खटपट केली ती याच अडचणीपोटी. पण एक गोष्ट विसरली जाते. मोनोटाइप यंत्राचा अडीचशेहून अधिक कळांचा कळफलक इंग्रजीसाठीच घडवलेला होता, कारण तिथेही मोठी लिपी, छोटी लिपी, तिरपे आणि ठळक अशा प्रत्येक आकाराला स्वतंत्र कळ हवी होती. कळा वाढल्या त्या छपाईच्या पद्धतीमुळे, भाषेमुळे नव्हे.

संगणकाने आकार आणि अक्षर यांची फारकत केली. तुम्ही ‘के’ची कळ दाबता तेव्हा यूएसबी कीबोर्ड फक्त १४ हा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचे इंग्रजी अक्षर करायचे की ‘क’ करायचा, हे संगणकात निवडलेली भाषा ठरवते. म्हणूनच कळेवर मराठी अक्षर छापलेले नसले तरी काहीही अडत नाही. जोडाक्षराचा आकार तर फॉन्ट घडवतो: क, हलन्त, ष एवढे दिले की ‘क्ष’ तयार.

नेहमीच्या कीबोर्डवर अक्षरे-चिन्हे उमटवणाऱ्या ४७ कळा असतात, शिफ्ट धरून ९४ जागा. मराठीला त्या पुरून उरतात. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट ही मांडणी प्रमाण ठरवली आणि १९९१ च्या भारतीय मानकात ती समाविष्ट झाली. हे काम घराघरांतल्या संगणकांपर्यंत नेण्यात १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचा मोठा वाटा आहे. मांडणी विचारपूर्वक केलेली आहे: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, ‘क’वर शिफ्ट दिली की ‘ख’, ‘ग’वर दिली की ‘घ’. गुजराती, बंगाली, तमिळ यांचा ‘क’ही त्याच कळेवर असतो, त्यामुळे एकदा बसलेला हात दुसऱ्या लिपीतही चालतो.

‘धायरी’ लिहून पाहा: ध, काना, य, र, दीर्घ वेलांटी. पाच कळा, त्यातल्या एकीला शिफ्ट. शेजारचे ‘नऱ्हे’ जास्त अवघड वाटेल, कारण त्यातला ‘ऱ्ह’ मराठीचा खास आहे. तोही शिफ्टसह ‘र’ची कळ, मग हलन्त, मग ‘ह’, असा सहज येतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांचे मात्र इथेच बहुतेकदा अडते आणि ‘नर्हे’ असे चुकीचे रूप फलकांवर, पत्त्यांत, पावत्यांवर छापले जाते. ही चूक कळा कमी पडल्यामुळे होत नाही. हाताशी असलेली कळ माहीत नसल्यामुळे होते. मला हे फार लागते, कारण त्यात गावाचे नावच बिघडते.

तेव्हा मराठीसाठी म्हणून वेगळा, महागडा किंवा जादा कळांचा कीबोर्ड घेऊ नका. आहे त्याच संगणकाच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा; विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट मांडणीचा मराठी कीबोर्ड आहेच. सुरुवातीला मांडणीचा कागद छापून पडद्याशेजारी लावा आणि आपले नाव, आपला पत्ता त्यावर लिहून पाहा.