येशू ज्यू होता, मग ज्यू लोक ख्रिस्ती का नाहीत? उत्तर आपल्या कोकणातून



डिसेंबर आला की आपण वर्गात नाताळची माहिती सांगतो. बेथलेहेम, गोठा, तारा, मेंढपाळ. एखादं चौकस मूल मध्येच विचारतं, "येशू ज्यू होता ना? मग ज्यू लोक त्याला का मानत नाहीत?" प्रश्न अगदी बरोबर असतो. पण उत्तर देताना आपली पंचाईत होते. एक तर आपल्याला नीट माहिती नसते, आणि माहिती असली तरी कोणाच्या श्रद्धेला धक्का लागेल का अशी धास्ती वाटते. मग आपण "मोठा झालास की कळेल" म्हणून पुढचा धडा घेतो.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला जेरुसलेमपर्यंत जायची गरज नाही. आपल्याच महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यात आणि मुंबईत, मराठी बोलणाऱ्या एका छोट्या समाजासमोर दोनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न उभा राहिला होता. त्यांच्यासाठी तो परीक्षेतला प्रश्न नव्हता. आपली मुलं उद्या कोण म्हणून ओळखली जाणार, हे त्यावर ठरणार होतं.

शनिवार तेली

हा समाज म्हणजे बेने इस्राएल. 'बेने इस्राएल' म्हणजे इस्राएलची लेकरं. त्यांच्या परंपरेनुसार फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं, आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावं आपल्यासारखीच, गावावरून आलेली: दिवेकर, पेणकर, राजपूरकर, केहिमकर. घरात मराठी, बायकांच्या अंगावर नऊवारी. अलिबागेत आजही इस्राएल आळी आहे.

त्यांच्याकडे एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे ग्रंथ. शनिवारचा विसावा, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि 'शमा' या प्रार्थनेचे शब्द एवढं पिढ्यान्‌पिढ्या टिकलं होतं. पण हिब्रू वाचता येत नव्हतं. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, बांधलं. कोचीनकडचे ज्यू शिक्षकही येऊन शिकवू लागले. तरी सामान्य घरातल्या माणसाला धर्मग्रंथ समजेल अशा भाषेत मिळत नव्हता.

मिशनऱ्यांची शाळा

याच काळात ख्रिस्ती मिशनरी आले. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत 1813 मध्ये सुरू झालं. त्यांनी शाळा काढल्या, छापखाना काढला. बायबलचा नवा करार त्यांनी 1826 मध्ये आणि संपूर्ण बायबल 1847 मध्ये मराठीत छापलं. 1829 मध्ये स्कॉटलंडहून डॉ. जॉन विल्सन आले. मुंबईचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. बेने इस्राएल लोकांसाठी त्यांनी 1832 मध्ये चक्क मराठीतून हिब्रू व्याकरणाचं पुस्तक काढलं.

मिशनच्या शाळांमध्ये बेने इस्राएल मुलं शिकू लागली, त्यांच्यातले काहीजण तिथे शिक्षकही झाले. मिशनऱ्यांचा हिशोब सरळ होता. हे लोक जुना करार मानतात. जुन्या करारात येणाऱ्या मसीहाबद्दल भाकितं आहेत. ती त्यांनी स्वतः वाचली की येशू हाच मसीहा, हे त्यांना पटेल.

आईवडिलांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मुलाला शाळेत घातलं तर तो शिकेल, नोकरी लागेल, आपल्या पूर्वजांची भाषाही वाचेल. पण तो आपलाच राहील का? नाही घातलं तर अडाणी राहील. त्यांनी मुलं शाळेत घातली. मुलं हिब्रू शिकली, ग्रंथ वाचू लागली. धर्मांतर मात्र फार थोड्यांनी केलं. बाकीचे ज्यू राहिले, आणि आता ते आधीपेक्षा जाणते ज्यू झाले होते.

असं का झालं, हे समजायला ग्रंथात नेमकं काय आहे ते पाहावं लागेल.

'मसीहा' म्हणजे काय?

हिब्रूत मूळ शब्द 'माशियाख'. अर्थ, अभिषिक्त, म्हणजे ज्याच्या डोक्यावर तेल ओतून त्याला कामावर नेमलं आहे तो. राजा आणि मुख्य याजक यांना असा अभिषेक होत असे. शौल राजाला झाला, दावीद राजाला झाला. यशयाच्या पुस्तकात (अध्याय 45) तर पर्शियाचा राजा कोरेश, जो ज्यू नव्हताच, त्यालाही हा शब्द लावला आहे. याच शब्दाचं ग्रीक भाषांतर 'ख्रिस्तोस', त्यावरून 'ख्रिस्त'. म्हणजे ख्रिस्त हे येशूचं आडनाव नाही, ती पदवी आहे. मुलांना हे सांगून बघा, डोळे मोठे होतात.

पुढे या शब्दाला खास अर्थ आला: दावीदाच्या वंशात येणारा एक राजा. तो विखुरलेल्या इस्राएली लोकांना एकत्र आणेल, न्यायाने राज्य करेल आणि त्याच्या काळात लढाया थांबतील, अशी ज्यू लोकांची अपेक्षा.

वादाच्या तीन जागा

ज्यू वाचकांचे आक्षेप बरेच आहेत. वर्गात समजावता येतील असे तीन घेऊ. प्रत्येकाला ख्रिस्ती बाजूनेही उत्तर आहे, तेही देते.

*1) एका शब्दाचा अर्थ.* मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय 1) म्हटलं आहे की कुमारिकेच्या पोटी मूल जन्मेल हे भाकीत येशूच्या जन्माने पूर्ण झालं. ते भाकीत यशयाच्या सातव्या अध्यायातलं. पण तिथे हिब्रू शब्द आहे 'अल्मा', म्हणजे तरुण मुलगी. कुमारिकेसाठी हिब्रूत 'बेथूला' हा शब्द जास्त नेमका. 'कुमारिका' हा अर्थ ठळक झाला तो ग्रीक भाषांतरातल्या 'पार्थेनोस' या शब्दामुळे. शिवाय अख्खा अध्याय वाचला तर प्रसंग वेगळाच दिसतो. येशूच्या सुमारे सातशे वर्षं आधीचा आहाज राजा दोन शत्रू राजांना घाबरला आहे, आणि संदेष्टा त्याला सांगतो की हे मूल जाणतं होण्याआधीच ते संकट टळेल. ज्यू वाचक म्हणतो, ही आहाजसाठी दिलेली खूण आहे. ख्रिस्ती वाचक म्हणतो, ते ग्रीक भाषांतर येशूच्या आधी ज्यू विद्वानांनीच केलं होतं, आणि एका भाकिताला जवळचा आणि दूरचा असे दोन अर्थ असू शकतात.

*2) दुःख सोसणारा सेवक कोण?* यशयाच्या 53 व्या अध्यायात इतरांच्या पापांसाठी यातना सोसणाऱ्या देवाच्या सेवकाचं वर्णन आहे. ख्रिस्ती वाचकाला त्यात क्रूसावरचा येशू स्पष्ट दिसतो. ज्यू वाचक मागची पानं उलटून दाखवतो: अध्याय 41 आणि 49 मध्ये देव 'माझा सेवक' म्हणून इस्राएललाच हाक मारतो. अकराव्या शतकातला फ्रान्सचा भाष्यकार राशी यानेही सेवक म्हणजे इस्राएल समाज असाच अर्थ लावला. पण सगळे ज्यू भाष्यकार एकाच मताचे नव्हते. या सेवकात मसीहाला पाहणारी जुनी ज्यू मतंही आहेत.

*3) काम पूर्ण झालं का?* यशयाच्या दुसऱ्या अध्यायात असा काळ सांगितला आहे की लोक तलवारी मोडून त्यांचे नांगराचे फाळ करतील. ज्यू प्रश्न असा: लढाया थांबल्या का? नाही. मग मसीहा आला असं कसं म्हणायचं? बाराव्या शतकातल्या मैमोनिदेस या विद्वानाने लिहिलं की मसीहाने चमत्कार करून दाखवायची गरज नाही, त्याला त्याच्या कामावरून ओळखायचं. ते काम झालं नाही, किंवा तो मारला गेला, तर तो मसीहा नव्हे. ख्रिस्ती उत्तर असं: मसीहा दोनदा येणार. पहिल्या वेळी त्याने पापातून सोडवलं, बाकीचं दुसऱ्या येण्यात पूर्ण होईल.

आणखी एक गंमत. ज्यूंचा 'तनाख' आणि ख्रिस्ती लोकांचा 'जुना करार' यांत मजकूर बराचसा तोच (प्रोटेस्टंट बायबलमध्ये तर पुस्तकंही तीच), पण क्रम वेगळा. तनाख इतिहासाच्या पुस्तकाने संपतो. तिथे शेवटी कोरेश ज्यूंना जेरुसलेमला परत जायची परवानगी देतो. जुना करार मलाखी या संदेष्ट्याने संपतो, जो पुढे कोणीतरी येणार असं सांगतो, आणि पान उलटलं की नवा करार सुरू. धडे तेच ठेवून अनुक्रमणिका बदलली, तर वाचणाऱ्याची अपेक्षाही बदलते.

मग जिंकलं कोण?

मुलं हे विचारणारच. याचं उत्तर जय-पराजयात देऊ नये. बेने इस्राएल लोकांनी काय केलं ते सांगावं.

मिशनच्याच शाळेत शिकलेले जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) पुढे मुंबईच्या डेव्हिड ससून संस्थेच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले. त्यांनी वीसहून जास्त हिब्रू ग्रंथ मराठीत आणले, त्यात बरेचसे प्रार्थनेचे. म्हणजे ज्या घरात पूर्वी 'शमा'चे दोन शब्द तेवढे पाठ होते, तिथे आता अख्खी प्रार्थना मराठी अर्थासकट आली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये समाजाची स्वतःची शाळा सुरू केली. 1880 च्या सुमारास तर बेने इस्राएल मंडळींनी कीर्तनं सुरू केली. आपल्या हरिदासी पद्धतीचं कीर्तन, पण आख्यान अब्राहामाचं, मोशेचं, योसेफाचं!

आणि आता उलट उदाहरण. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चर्चने सांगितलेलं सगळं त्यांनी मुकाट्याने मान्य केलं नाही, शिकवणाऱ्यांशी पत्रांतून वाद घातला. पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मुळातून मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या, तोवर हेच काम चालू होतं. हिब्रू वाचूनही त्यांची येशूवरची श्रद्धा ढळली नाही, उलट वाढली.

तीच भाषा, तेच ग्रंथ. राजपूरकर ज्यू राहिले, रमाबाई ख्रिस्ती राहिल्या. दोघांनीही ऐकीव गोष्टीवर न थांबता मूळ ग्रंथ उघडला.

आपल्या वर्गासाठी

मी पोहरादेवीला शिकवते. संत सेवालाल महाराजांचं हे ठिकाण, रामनवमीला इथे देशभरातून बंजारा भाविक येतात. आमची बरीच मुलं घरी गोरमाटी बोलतात. गोरमाटीत 'याडी' म्हणजे आई. आमच्या वऱ्हाडी कानाला तेच 'येडी' ऐकू येतं, आणि 'येडी' म्हणजे वेडी! एका अक्षराच्या फरकाने आईची वेडी होते. 'अल्मा' आणि 'पार्थेनोस'चा वाद पाचवी-सहावीच्या मुलांना समजवायला मला यापेक्षा सोपं उदाहरण सापडलेलं नाही. तुमच्या भागातल्या बोलीत असे शब्द नक्की असतील, ते घ्या.

मग मुलांना कोणत्याही जुन्या वचनाबद्दल चार प्रश्न विचारायची सवय लावा:

1. हे कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटलं?
2. मूळ भाषेत शब्द कोणता आहे?
3. आधीच्या आणि नंतरच्या ओळीत काय आहे?
4. ज्याला हे पटत नाही तो काय म्हणतो, आणि का?

चौथा प्रश्न गाळू नका. तो गाळला की चिकित्सा फक्त दुसऱ्याच्या धर्माची होते. आणि हे चार प्रश्न आपल्या स्वतःच्या परंपरेलाही लावता आले पाहिजेत, नाहीतर मुलं आपला दुटप्पीपणा लगेच ओळखतात.

पालकांना एवढंच सांगते. मूल प्रश्न विचारायला लागलं की ते हातातून जाईल अशी भीती वाटते. बेने इस्राएल आईवडिलांनाही ती वाटली असणार. पण त्यांनी पाटी-पुस्तक हिसकावून घेतलं नाही. ज्यांनी शिकवलं त्यांचा हेतू वेगळा होता, तरी शिकलेल्या मुलाने काय मानायचं ते स्वतः वाचून ठरवलं.

तेव्हा यंदा नाताळच्या धड्याला कोणी विचारलं, की ज्यू लोक येशूला मसीहा का मानत नाहीत, तर न घाबरता सांगा: "दोघेही एकच जुना ग्रंथ वाचतात, पण त्यातल्या काही शब्दांचा आणि भाकितांचा अर्थ वेगवेगळा लावतात. चल, कोणते शब्द ते पाहू."